आरसा ठेवायचा की काढायचा? डी७५० वापरणाऱ्या लग्नाच्या फोटोग्राफरला उत्तर

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाही दिसेल. विट्याच्या आसपास लग्नाची कामं करता. निकॉन डी७५० आहे, २०१६ मध्ये घेतलेला, शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा) एक लाख साठ हजारांच्या पुढे. लेन्स तीन (पहिला आकडा मिलिमीटरचा; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि धारदार पट्टा अरुंद): २४-१२० एफ ४, ८५ एफ १.८ जी आणि उस्तादांच्या स्टुडिओतून मिळालेली जुनी ८०-२०० एफ २.८ डी. गेल्या सीझनला एका लग्नात अंतरपाट दूर होतानाचे चाळीसेक फोटो काढले, त्यातले डझनभर सॉफ्ट (धार नसलेले) निघाले. वर त्याच पार्टीतल्या एका मुलानं विचारलं, ‘दादा, अजून डीएसएलआरच का?’, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा. आता निकॉनचाच बिनआरशाचा, मिररलेस कॅमेरा म्हणून सेकंडहँड झेड६ टू घ्यावा, नवा झेड५ टू घ्यावा, की आहे त्याच कॅमेऱ्यावर अजून दोन सीझन ओढावेत, असा प्रश्न आहे.

यात दोन दुखणी एकत्र झालीत. डझनभर सॉफ्ट फोटो हे एक. त्या मुलाचं वाक्य हे दुसरं. दुसऱ्यावर औषध म्हणून पहिल्याच्या नावानं कॅमेरा घेतला जातो, आणि तिथंच पैसे वाया जातात. मी साताऱ्यात सव्वीस वर्षं हेच काम करतोय, रोल धुवायला कलर लॅबला पाठवायचो तेव्हापासून. डी७५० माझ्याकडेही दोन होते. २०२१ ला झेड६ टू घेतला, आणि पुढची दोन वर्षं एका खांद्यावर डी७५० आणि दुसऱ्या खांद्यावर झेड६ टू अशी लग्नं केली. आता झेड५ टू वापरतोय. त्यामुळे खाली जे लिहितोय ते या तीन बॉड्यांबद्दल (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि कार्यालयातल्या उजेडाबद्दल आहे. तुमचं काम पक्ष्यांचं किंवा जाहिरातीचं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

सगळ्यात आधी फोटोच्या दर्जाचा विषय मिटवू, कारण त्यात फारसं काही नाही. डी७५० ची फाइल ६०१६ बाय ४०१६ पिक्सेलची. झेड६ टू आणि झेड५ टू या दोघांची ६०४८ बाय ४०३२. रुंदीत बत्तीस पिक्सेल जास्त. बारा बाय छत्तीसच्या करिझ्मा अल्बमच्या पानावर हा फरक शोधून दाखवणाऱ्याला मी जेवण घालीन. कमी आयएसओला (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची संवेदनशीलता) सावलीतून तपशील वर खेचायची ताकद जवळपास सारखीच आहे. आयएसओ ६४०० च्या वर नवे सेन्सर थोडे स्वच्छ दिसतात, पण तेवढा फरक आजकालची नॉइज काढणारी सॉफ्टवेअर जुन्या फाइललाही भरून देतात. २०१४ सालचा कॅमेरा म्हणून कुणी नाक मुरडलं तरी त्याच्या सेन्सरला नाव ठेवायला जागा नाही.

मग सॉफ्ट फोटो आले कुठून? इथं जरा थांबून कॅमेऱ्याच्या पोटात बघू.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो आणि वर व्ह्यूफाइंडरला, म्हणजे डोळा लावतो त्या खिडकीला जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. मधला भाग मात्र फार जणांना माहीत नसतो. हा आरसा मधोमध अर्धपारदर्शक असतो. त्यातून थोडा उजेड आरपार जातो, मागच्या एका छोट्या दुसऱ्या आरशावर आपटतो आणि खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरवर पडतो. म्हणजे फोकस मोजला जातो एका जागी आणि फोटो उमटतो दुसऱ्या जागी. लेन्सच्या माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, या दोन्ही जागांपर्यंतचं अंतर तंतोतंत जुळायला हवं. दहा वर्षांत तो आरसा लाखभर वेळा आपटलेला असतो, बॅग गाडीच्या डिकीत आदळलेली असते, लेन्सचीही स्वतःची थोडी खोड असते. जुळणी केसभर हलली की कॅमेरा प्रामाणिकपणे ‘फोकस झाला’ म्हणून हिरवा ठिपका दाखवतो आणि धार येते कानावर.

केसभर म्हणजे किती त्याचा हिशोब बघा. ८५ ची लेन्स, एफ १.८, नवरी दोन मीटरवर. त्यात धारदार दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा, म्हणजे पुढं तीन आणि मागं तीन. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर असतं. त्यामुळे फोकस तीन-चार सेंटीमीटर मागं गेला तर डोळे गेले, आणि झुमके मात्र झकास.

दुसरी गोष्ट डी७५० च्या फोकसच्या ५१ पॉइंटांची. ते सगळे फ्रेमच्या मधल्या भागात घोळका करून बसलेत. नवरा-नवरी फ्रेमच्या दोन बाजूंना ठेवायचे असतील तर तुम्ही मधल्या पॉइंटनं नवरीवर फोकस धरता आणि कॅमेरा फिरवून फ्रेम लावता. तेवढ्या फिरवण्यात सहा सेंटीमीटरपैकी एखाददुसरा सहज जातो. त्यातच नवरी हार घालायला पुढं झुकली की उरलेलेही गेले.

मिररलेसमध्ये ही भानगड मुळातच नाही. फोटो ज्या सेन्सरवर उमटतो त्याच सेन्सरवर फोकस मोजला जातो, त्यामुळे दोन जागा जुळवायचा प्रश्नच उरत नाही. पॉइंट जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले असतात आणि कॅमेरा डोळा ओळखून त्याच्यामागं फिरतो. माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर ८५ ही लेन्स मी डी७५० वर एफ २.८ च्या खाली फार कमी नेत असे, भीतीपोटी. तीच लेन्स अडॅप्टरवर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसवायचा जोड) लावून झेड६ टू वर एफ १.८ ला बिनधास्त वापरायला लागलो. लेन्स तीच, मी तोच. फक्त भीती गेली.

पण डोळा ओळखणं म्हणजे जादू नव्हे, हे आपल्याच लग्नांत कळतं. मंगलाष्टक संपतं, ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो आणि त्याच क्षणी अक्षतांचा पाऊस. नवरीच्या कपाळापासून मुंडावळ्या लोंबत असतात. झेड६ टू ला त्या मुंडावळ्यांचे मोती डोळ्यापेक्षा जास्त आवडायचे. मोती कडक, पापण्या नरम, असे फोटो मीही काढलेत. शिवाय नवरीच्या मागं मामा उभा असतो. नवरीनं मान खाली घातली की कॅमेरा उडी मारून मामाचा चेहरा पकडतो, आणि अल्बममध्ये मामा फार सुंदर येतात. झेड५ टू हे प्रकार बरेच कमी करतो. तो एप्रिल २०२५ मध्ये आला आणि त्यात झेड८, झेड९ मधला एक्स्पीड ७ प्रोसेसर आहे. झेड६ टू २०२० चा, त्याच्याआधीच्या पिढीचा. दोघांच्या सेन्सरमध्ये नावाला फरक असला तरी फोकसमध्ये पिढीचा फरक आहे. अंधाऱ्या स्टेजवर तर फारच.

म्हणून खरेदीच्या आधी एक काम करा. तुळशीचं लग्न लागायच्या आत, म्हणजे सीझन सुरू व्हायच्या आत करा. टेबलावर पाच माचिसच्या पेट्या तिरप्या ओळीत उभ्या करा, प्रत्येक पेटी आधीच्या पेटीच्या दोन बोटं मागं. कॅमेरा ट्रायपॉडवर, ८५ ची लेन्स एफ १.८ ला, अंतर दोन मीटर. मधल्या पेटीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून दहा फोटो काढा, दर वेळी फोकस बिघडवून पुन्हा करायचा. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायची सोय) चालू करून तसेच दहा काढा. लाइव्ह व्ह्यूमध्ये डी७५० मुख्य सेन्सरवरूनच फोकस करतो, त्यामुळे तिथं आरशाचा संबंध नाही. लाइव्ह व्ह्यूचे दहाही धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे चौथ्या पेटीवर असतील तर दुखणं जुळणीचं आहे. सेटअप मेन्यूत एएफ फाइन ट्यून, म्हणजे फोकस थोडा पुढं-मागं सरकवायची सोय आहे, वजा वीस ते अधिक वीस. पाच-पाचनं सरकवत जागेवर आणा. फुकटात अर्धं काम होतं.

व्ह्यूफाइंडरचे दहा कधी दुसऱ्या, कधी चौथ्या पेटीवर असे भरकटत असतील तर मात्र फाइन ट्यून काही करू शकत नाही. आणि दोन्हीकडचे दहाही चांगले आले तर मन घट्ट करून मान्य करा की त्या दिवशी शटर स्पीड कमी होता किंवा हात हलला. माझ्याकडे एक असिस्टंट पोरगा होता. तो सहा महिने लेन्सला शिव्या देत होता. फाइलची माहिती उघडून बघितली तर हार घालतानाचे सगळे फोटो सेकंदाच्या साठाव्या भागाला. हात झोकून हार घालणारी माणसं साठाव्या भागात कशी थांबतील? त्या क्षणाला मी दोनशेच्या खाली जात नाही, आयएसओ चढला तर चढू दे.

आता उजेडाचा मुद्दा, कारण मिररलेस घेतलेल्या बहुतेकांची पहिली फजिती इथंच होते. माझीही झाली. झेड६ टू नवीन होता, सायलेंट शटरचं (पडदा न हलवता, बिनआवाजी फोटो) अप्रूप होतं. कन्यादानाला खटखट नको म्हणून सायलेंटवर टाकला आणि तसाच ठेवला. कार्यालयात सगळीकडे नवीन एलईडी. घरी येऊन बघतो तर फोटोंवर आडवे फिकट-गडद पट्टे. सव्वाशे फोटो गेले. चूक पूर्णपणे माझी.

कारण सोपं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर सायलेंट मोडमध्ये वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि त्याला साधारण सेकंदाचा विसावा भाग लागतो. तेवढ्यात दिवा पाचेक वेळा लुकलुकून घेतो, म्हणून पाचेक पट्टे. मेकॅनिकल शटरचा पडदा तेच अंतर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास कापतो, त्यामुळे तिथं पट्टे क्वचित दिसतात, फार तर फोटो एकदा उजळ आणि एकदा मंद येतो. स्टेजमागच्या एलईडी वॉलचं लुकलुकणं याहून खूप वेगवान असतं, तिथं पट्टे बारीक आणि दाट येतात. म्हणून लग्नात मेकॅनिकल शटरच. सायलेंट हवाच असेल तर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवून आधी एक फोटो मोठा करून बघायचा. दुसरं म्हणजे सायलेंट मोडमध्ये या कॅमेऱ्यांवर फ्लॅश पेटत नाही. ‘फ्लॅश बिघडला’ म्हणून रात्री साडेअकराला मला आलेल्या फोनपैकी निम्म्यांचं उत्तर हेच असतं.

फ्लॅशचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन सवयी बदलाव्या लागतील. डी७५० वर फ्लॅश लावला की अंधारात त्याची लाल जाळी नवरदेवाच्या शेरवानीवर पडते आणि त्यावर कॅमेरा फोकस धरतो. झेड कॅमेरे ती लाल जाळी वापरत नाहीत. त्यांचा स्वतःचा छोटा दिवा असतो, तो जवळून बरा, पण लांबून आणि मोठी लेन्स आडवी आली की उपयोगाचा नाही. वरातीत आणि रात्रीच्या जागरण-गोंधळात हे जाणवतं. दिवटीच्या उजेडात नाचणारा गोंधळी डी७५० कडून सुटायचा तो जाळी असूनही सुटायचा, हेही खरं. झेड५ टू कमी उजेडात इतका चांगला बघतो की मला जाळीची आठवण फक्त झेड६ टू वर व्हायची.

दुसरी सवय व्ह्यूफाइंडरची. आरशाच्या कॅमेऱ्यात तुम्ही खरं दृश्य बघता. मिररलेसमध्ये एक छोटा टीव्ही बघता, आणि तो फोटो जसा येणार तसाच दाखवतो. उघड्यावरच्या लग्नात हे वरदान आहे. मांडवात अंधार आणि मागं ऊन असलं तरी फोटो काळा येणार की पांढरा हे दाबायच्या आधीच दिसतं. डी७५० वर मी काढायचो, खाली बघायचो, दुरुस्त करायचो, पुन्हा काढायचो, आणि तेवढ्यात सप्तपदीचं एक पाऊल निघून जायचं. पण फ्लॅशवर काम करताना तुम्ही सेटिंग अंधाराचं ठेवता, आणि हा प्रामाणिक टीव्ही तुम्हाला अंधारच दाखवतो. नवीन माणूस घाबरतो. मेन्यूत सेटिंगचा परिणाम व्ह्यूफाइंडरमध्ये न दाखवण्याची सोय असते, ती फ्लॅशच्या कामाला वापरायची. पहिल्याच लग्नात शिकायला जाऊ नका, घरी बायकोला सोफ्यावर बसवून शिका.

बॅटरीचं गणित उघड आहे. डी७५० चा कंपनीनं दिलेला आकडा एका चार्जिंगला १२३० फोटो. झेड६ टू आणि झेड५ टू चे आकडे व्ह्यूफाइंडर वापरून साडेतीनशेच्या आसपास. सलग फोटो काढताना प्रत्यक्षात याच्या दुपटीहून जास्त निघतात, पण कॅमेरा नुसता गळ्यात चालू ठेवून फिरलात तरी बॅटरी उतरते, ही गोष्ट डीएसएलआरवाल्याच्या अंगात नसते. सकाळी हळद, दुपारी मुहूर्त, संध्याकाळी रिसेप्शन अशा दिवसाला मी चार बॅटऱ्या नेतो. तुमच्या डी७५० च्या बॅटऱ्या आकारानं त्याच घराण्यातल्या. झेड६ टू त्या घेतो, फक्त फोटो कमी मिळतात आणि त्या कॅमेऱ्यातच यूएसबीवर चार्ज होत नाहीत. नव्या बॅटऱ्यांचा खर्च धरूनच चाला.

वजनाबद्दल जाहिरातीत फार बोललं जातं. डी७५० बॅटरी-कार्डासकट ८४० ग्रॅम. झेड५ टू ७०० ग्रॅम. त्यावर जुन्या लेन्ससाठी एफटीझेड टू अडॅप्टर बसवला की आणखी १२५ ग्रॅम. राहिले किती, पंधरा ग्रॅम! एवढं तर गळ्यातल्या पट्ट्याला चिकटलेली हळदच असेल. जोवर जुन्या लेन्स वापरताय तोवर वजन विसरा.

हळदीवरून आठवलं. डीएसएलआरची लेन्स काढली तरी सेन्सरसमोर आरसा आणि बंद शटर असतं. बऱ्याच मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोरच उघडा. हळदीच्या मांडवात मी एकदा सवयीनं लेन्स बदलली, आणि त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात एक ठिपका. गुलालाचा कार्यक्रम असेल तर लेन्स बदलायचीच नाही, दुसरी बॉडी न्यायची. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे, आणि मांडवाच्या बाहेर.

आता तुमच्या लेन्सकडे येतो, कारण माझ्या मते तुमचा निर्णय बॉडीवर नाही, त्या ८०-२०० वर अवलंबून आहे.

निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं. त्यात माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, कारण मध्ये आरसा फिरायला जागा हवी. झेड माउंट २०१८ मध्ये आलं, त्यात हे अंतर फक्त १६ मिलिमीटर. अडॅप्टर म्हणजे मधल्या ३०.५ मिलिमीटरची पोकळ नळी आणि थोडे संपर्कबिंदू. त्यात काच नाही, त्यामुळे दर्जा घसरायचा प्रश्न नाही. पण त्यात मोटरही नाही. तुमची २४-१२० आणि ८५ या दोन्ही लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, त्या अडॅप्टरवर छान चालतील. ८०-२०० डी मध्ये मोटर नाही. डी७५० आपल्या पोटातल्या मोटरनं, माउंटमधून बाहेर आलेल्या छोट्या स्क्रूनं तिला फिरवतो. फोकस धरताना जो घर्र आवाज येतो तो त्याचाच. अडॅप्टरवर ती लेन्स बसेल, फोटो निघेल, पण फोकस हातानं करावा लागेल. लग्नात अंतरपाटाच्या वेळी हातानं फोकस करणारी माणसं मी बघितली आहेत, पण त्यांचे केस पांढरे आहेत आणि त्यांनी आयुष्यभर तेच केलंय.

कॅननवाल्यांना हा त्रास नाही. त्यांच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासूनच मोटर लेन्सच्या आत आहे. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीची ईएफ लेन्स आजच्या आर या मिररलेस मालिकेवर कंपनीच्या अडॅप्टरनं आपोआप फोकस करते. तुमचा एखादा कॅननवाला मित्र ‘अडॅप्टर लाव की सगळं चालतं’ म्हणत असेल तर तो त्याच्या घरचं खरं सांगतोय, तुमच्या घरचं नाही.

व्हिडिओबद्दल एकच. तुम्ही प्रश्नात रीलचा उल्लेख केलेला नाही, पण येत्या सीझनला पार्टी मागेलच, आणि संध्याकाळच्या आत मागेल. डी७५० व्हिडिओ काढतो, पण फोरके नाही, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये चालत्या माणसावर फोकस ठेवणं त्याला जमत नाही. तो पुढं-मागं शोधत बसतो. इथं दोन्ही झेड त्याच्या फार पुढं आहेत. त्या मुलाच्या ‘अजून डीएसएलआरच का’ या वाक्यात काही तथ्य असेल तर ते एवढंच.

इथवरचं एका ओळीत: फोटोचा दर्जा सारखा, फोकस आणि व्हिडिओ मिररलेसचे वरचढ, बॅटरी आणि धूळ डीएसएलआरच्या बाजूनं, आणि तुमची लांबची लेन्स फक्त डी७५० ला मानते.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. आधी माचिसची परीक्षा. फाइन ट्यूननं प्रश्न सुटला आणि रीलचं काम अजून येत नसेल, तर हा सीझन डी७५० वरच काढला असता आणि पैसे बाजूला टाकले असते. शटरची चिंता करू नका असं नाही म्हणत, पण दीड लाख हा त्या शटरच्या चाचणीचा आकडा आहे, औषधाच्या बाटलीवरची मुदत नव्हे. माझ्या दोनपैकी एक डी७५० दोन लाख दहा हजारांवर मी विकला तेव्हाही ठणठणीत होता. उलट, फार वर्षांपूर्वी एका वेगळ्याच बॉडीचं शटर साठ हजारांच्या आत भर मुहूर्तावर अडकलं होतं आणि मी पाहुण्यांतल्या एकाचा कॅमेरा मागून काम पुरं केलं. म्हणून तुमचा खरा धोका वेगळाच आहे. दहा वर्षांच्या एका बॉडीवर दुसऱ्याच्या मुलीचं लग्न. तुमच्याकडे दुसरी बॉडी नाही. डीएसएलआर की मिररलेस हा वाद नंतरचा.

त्यामुळे घ्यायचाच असेल तर डी७५० विकून नको. सेकंडहँड डीएसएलआरला आता इतका कमी भाव येतो की विकून हातात फारसं काही पडणार नाही, आणि सोबत तुमची ८०-२०० मुकी होईल. डी७५० वर ती ८०-२०० कायमची लावून ठेवा, स्टेजच्या लांबच्या टोकावरून नातेवाइकांचे चेहरे आणि डोळ्यांतलं पाणी टिपायला. नवीन बॉडीवर अडॅप्टरनं २४-१२० आणि ८५. दोन बॉड्या, लेन्स बदलायची वेळ कमी, धूळ कमी, आणि एक मेली तर दुसरी आहे.

दोघांत झेड५ टू. फोकसचं कारण वर सांगितलंच. दुसरं कारण कार्डाचं. झेड६ टू मध्ये एक खाच एसडी कार्डाची आणि दुसरी सीएफएक्सप्रेस किंवा एक्सक्यूडी कार्डाची. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरवायचे, आणि लग्नात ते उतरवायलाच हवेत, तर महागडं कार्ड आणि त्याचा वेगळा रीडर आला. झेड५ टू मध्ये दोन्ही खाचा एसडीच्या. तुमची आत्ताची कार्डं पहिल्या दिवसापासून चालतील, सलग फोटोंच्या वेळी थोडी हळू, एवढंच. सेकंडहँड झेड६ टू फक्त एकाच परिस्थितीत घ्या: ओळखीच्या फोटोग्राफरचा, कमी शटर काउंटचा, कार्ड आणि अडॅप्टरसकट, आणि सगळं धरून नव्या झेड५ टू च्या साठ टक्क्यांच्या आत बसत असेल तर. मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात दोन्ही हातात घेऊन बघा. पैसे देण्याआधी दुकानातच स्वतःच्या कार्डावर पाच फोटो काढा आणि फाइलमधून शटर काउंट वाचा. आकडा सांगितल्यापेक्षा जास्त निघाला तर सौदा तिथंच मोडा, दहा हजार कमी करतो म्हटलं तरी.

नवीन झेड लेन्स लगेच घेऊ नका. एक सीझन जुन्या लेन्सवर काढा. कोणत्या वेळी अडताय ते तुमचं तुम्हालाच दिसेल. मला वाटलं होतं मला ७०-२०० लागेल. प्रत्यक्षात अरुंद कार्यालयात मी ३५ साठी अडत होतो.

आणि कॅमेरा हातात आला की पहिल्या चार दिवसांत तीन गोष्टी करा: मेकॅनिकल शटर कायम ठेवा, फ्लॅशसाठीचं व्ह्यूफाइंडरचं सेटिंग एका बटणावर आणा, आणि चेहऱ्यांमध्ये उडी मारायचं बटण अंगठ्याखाली घ्या, नाहीतर अल्बमभर मामाच येतील. माचिसच्या परीक्षेचे फोटो काढलेत की दोन्ही प्रकारचे दहा-दहा टाका, न कापता, फाइलच्या माहितीसकट. बघून सांगतो कोणत्या बाजूला किती सरकवायचं.